पावसाळ्यात मॅट वार्निश मारलं आणि इंजिन पांढरं पडलं (डब्ल्यूडीएम-३ए, एचओ स्केल)

कोकणरूळ, ठाणे

नमस्कार मंडळी,

गेले चौदा महिने मी रेल्वेच्या एकाच डिझेल इंजिनाच्या मॉडेलवर काम करतोय. डब्ल्यूडीएम-३ए, एचओ स्केल, म्हणजे १:८७. खरं इंजिन बफर ते बफर १७.१२ मीटर, माझं १९७ मिलिमीटर. परवा रविवारी संध्याकाळी पाच मिनिटांत त्याची जी अवस्था झाली, ती बघून रात्रभर झोप लागली नाही. म्हणून सविस्तर लिहितो. कुणाला वाट दिसत असेल तर कृपा करून सांगा.

आधी हे इंजिन का, ते सांगतो. बाबा कोकण रेल्वेवर रत्नागिरीला होते. आधी असिस्टंट, मग लोको पायलट. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. सुट्टीत चिपळूणला आजीकडे गेलो की गाडीची वेळ साधून स्टेशनात जायचो. इंजिन दिसायच्या आधी ऐकू यायचं. अल्को या अमेरिकन कंपनीच्या धाटणीच्या इंजिनाचा तो थांबत थांबत येणारा ठोका ज्यानं लहानपणी ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. २०२२ मध्ये सगळा मार्ग विजेवर आला. आता त्या फलाटावर उभं राहिलं तरी तो आवाज येत नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे फारसे बाहेर पडत नाहीत. त्यांच्या टेबलावर त्यांचं इंजिन उभं राहावं, एवढंच मनात आहे.

आता काम. खालचं चॅसी जुन्या अमेरिकन अल्को आरएसडी-४/५ च्या मॉडेलचं आहे, सेकंडहँड मिळालं. ते घेतलं कारण त्याच्या बोगी, म्हणजे खालच्या चाकांच्या चौकटी, आपल्या इंजिनासारख्याच तीन आसांच्या आहेत आणि मधला आस बरोबर मधोमध नसून एका बाजूला सरकलेला आहे. डब्ल्यूडीएम-२ आणि ३ए ची बोगी लांबूनही त्यावरून ओळखू येते. वरची बॉडी थ्रीडी प्रिंट करून घेतली. प्रिंटच्या रेघा घालवायला प्रायमर आणि ओला पॉलिश पेपर असे चार हात झाले.

प्रिंटमधले हँडरेल काडीसारखे जाड होते आणि बोट लागलं की मोडायचे. ते सगळे कापून काढले आणि ०.३ मिलिमीटरची पितळी तार लावली. एक इंची पाइप ८७ नं भागला की साधारण तेवढाच येतो. खांबांसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलनं भोकं पाडली. एकूण बेचाळीस भोकं, त्यातली तीन चुकली, ती भरून पुन्हा पाडली. पुढच्या एअर होसेससाठी इलेक्ट्रिकच्या लवचिक वायरमधली तांब्याची एकेक तार वापरली. ड्रायव्हरच्या काचेवरची जाळी अजून बाकी आहे.

रंग निळा, मधे क्रीम पट्टा, माझ्याकडच्या एका जुन्या फोटोप्रमाणे. नंबर आणि 'म रे' (मध्य रेल्वे) ही अक्षरं डेकलवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्यावर, छापली. साधा लेझर प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. म्हणून पांढऱ्या डेकल कागदावर भोवतीचा निळा छापला आणि मधलं अक्षर कोरं सोडलं. तो निळा बॉडीच्या निळ्याशी जुळवायला अकरा प्रिंट काढावे लागले.

एवढं झाल्यावर बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही हातांत धरून वळवून बघितलं आणि विचारलं, "हे परळहून आत्ताच पीओएच करून आलंय का?" पीओएच म्हणजे ठरावीक काळानं कारखान्यात होणारी मोठी दुरुस्ती आणि रंगकाम. त्यांचं बरोबर होतं. इंजिन चकचकीत होतं. कामावर गेलेलं दिसत नव्हतं.

म्हणून वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरून मळलेलं दिसेल असं रंगवणं, करायचं ठरवलं. त्याआधी चकाकी मारायला स्प्रे कॅनमधलं मॅट लॅकर आणलं. रविवारी पाऊस थांबला होता, बाल्कनीत कागद पसरले आणि दोन हलके हात मारले. पाच मिनिटांत लाँग हूडच्या (ड्रायव्हरच्या कॅबच्या एका बाजूचं लांब नाक; दुसऱ्या बाजूचं आखूड ते शॉर्ट हूड) एका बाजूवर दुधासारखी साय आली. मग छतावर, मग कॅबवर. निळा रंग राखेसारखा झालाय, 'म रे' जेमतेम वाचता येतं.

माझे प्रश्न:

हे पांढरं जाईल का, की सगळा रंग काढून पुन्हा सुरुवात करायची? रंग काढला तर डेकल गेलेच, आणि तारेचे हँडरेल त्या धुण्यात टिकतील असं वाटत नाही.

आणि हे सुटलं तर पुढे इंजिन मळवायचं कसं? मला उगाच सगळीकडे तपकिरी रंग फासायचा नाही. कोकणात चाललेलं डिझेल इंजिन कुठे मळतं, कुठे काळं होतं, कुठे घासतं, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं. बाबांना विचारलं तर ते म्हणतात, "आम्ही आतून बघायचो रे, बाहेरचं शेडवाल्यांना विचार."

---

बारीककाम, पुणे

पहिली गोष्ट, रंग काढू नका. थिनरची बाटली कपाटात परत ठेवा. हे जवळजवळ नक्की सुटेल.

झालंय काय ते समजून घ्या, म्हणजे उपाय पटेल. लॅकरमधलं द्रावण फार झपाट्यानं उडतं. उडताना ते पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं, तेच. जुलैत ठाण्याची हवा पाण्यानं भरलेली असते. पृष्ठभाग थोडा जरी गार झाला तरी हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि ओल्या लॅकरमध्ये अडकतं. पाणी नंतर निघून जातं, पण मागे अतिसूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. तुमचा निळा रंग आणि डेकल खाली जसेच्या तसे आहेत. वरची काच धुरकट झाली आहे, इतकंच.

खात्री करून घ्या. कापसाची काडी पाण्यात बुडवून, पिळून, हूडच्या एका कोपऱ्यावर टेकवा. ओलं असेपर्यंत खालचा निळा दिसला आणि वाळल्यावर पुन्हा पांढरं झालं, तर मी म्हणतोय तेच आहे.

उपाय असा. इंजिन मोठ्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस ठेवा. चॅसी काढून फक्त बॉडी ठेवा, मोटरला या प्रकरणात आणू नका. मग एसी दोनेक तास चालवून खोली कोरडी करून घ्या. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा काटा मिळतो, तो घ्याच. साठ टक्क्यांच्या खाली काटा आल्याशिवाय मी कॅनला हात लावत नाही. कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा. कोमट म्हणजे अंगाला सोसेल इतपत, गरम अजिबात नको, कॅन फुटू शकतो.

मग त्याच जातीचं, पण ग्लॉस लॅकर घ्या. मॅट नको. अगदी विरळ हात मारा, फूटभर अंतरावरून. नवीन लॅकर जुन्याला थोडं विरघळवतं, पोकळ्या मिटतात आणि पांढरं आत गेल्यासारखं नाहीसं होतं. आधी टाकीच्या खालच्या बाजूवर करून बघा, जिथे कुणाची नजर जात नाही. पंधरा मिनिटं थांबा. जमलं तर पुढे जा. एका फटक्यात सगळं घालवायच्या मोहात जाड थर देऊ नका, हँडरेलच्या मुळाशी ओघळ साठतात आणि ते मग कशानंही निघत नाहीत.

एसीच्या बंद खोलीत लॅकर मारायचं म्हणजे वास आणि वाफ कोंडते. तोंडाला नुसतं फडकं नको, वाफेचा फिल्टर असलेला मास्क लावा. देवघरातली समई, गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. मारून झालं की दहा मिनिटं तुम्ही बाहेर, बॉडी आत.

शेवटचा मॅट हात दिवाळीनंतर मारा. तोपर्यंत थांबवत नसेल तर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक मॅट वार्निश ब्रशनं लावा. ते असं पांढरं पडत नाही. फक्त फार घोळवू नका, फेस होतो.

एक बरं झालं, तुम्हाला आता तसाही ग्लॉस थर हवाच होता. तेलाचे वॉश, म्हणजे खूप पातळ केलेले तेलरंग, ग्लॉसवर नीट वाहतात, फटीत जाऊन बसतात आणि जास्तीचे पुसता येतात. मॅटवर लावलेला वॉश जिथे टेकतो तिथेच डाग धरतो.

---

कोकणरूळ

काडी टेकवली. निळा दिसला! 'म रे' मधला म अगदी स्वच्छ दिसला, मग मिनिटभरात परत पांढरा. तुम्हाला कसं सांगू किती हलकं वाटलं. बॉडी आईच्या जुन्या पिठाच्या डब्यात ठेवली आहे. काटा मागवलाय. आत्ता घरात किती ते बघितलं नाही, पण मीठ ओलं झालंय, त्यावरून अंदाज येतो.

---

शेडचा माणूस, कल्याण

तुमच्या वडिलांनी बरोबर ठिकाणी पाठवलं. मी डिझेल शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होतो. मॉडेलचं मला काही कळत नाही, नातू हे वाचून दाखवत होता म्हणून लिहितोय. इंजिन कुठं मळतं ते मात्र डोळे मिटून सांगतो.

छतापासून सुरू करा. लोक धुराड्याभोवती सगळा एकसारखा काळा रंग देतात. तसं नसतं. अल्को बंद केलं की पुन्हा चालू करताना बॅटरीची परीक्षा, म्हणून तासन्‌तास आयडलवर चालू ठेवायचे. तशा चालण्यात जळण पुरतं जळत नाही, तेलकट काजळी धुराड्यात साठते. मग ड्रायव्हरनं नॉच (जोर वाढवायचा टप्पा) उघडला की ती थुंकल्यासारखी बाहेर येते. टर्बो वेग धरेपर्यंत हवा कमी आणि डिझेल जास्त, म्हणून तो काळा लोट. त्यामुळे धुराड्याच्या तोंडाशी आणि हात-दोन हात अंतरात जे काळं असतं ते ओलं, चमकणारं असतं. त्यावर बोट फिरवलं तर तेल लागतं. तिथून लांब जाल तसं ते कोरडं, राखाडी, मखमलीसारखं होत जातं. तुमच्या इंजिनावर हे दोन काळे वेगळे दिसले पाहिजेत.

आता दिशा. इंजिनाला कॅब एकच. शॉर्ट हूड पुढे असेल तर धूर लाँग हूडवरून मागं जातो. लाँग हूड पुढे असेल तर कॅबच्या छतावर येतो. रोज रोज कोण फिरवतंय इंजिन? जसं लागेल तसं लावायचे. म्हणून कॅबचं छतही काळपट होतं, पण हूडइतकं नाही. पावसाळ्यात ही काजळी कडेवरून खाली उतरते, बारीक रेघा पडतात. त्या रेघा रिव्हेटच्या आणि दाराच्या बिजागऱ्यांच्या खाली जास्त, मोकळ्या पत्र्यावर कमी.

हूडच्या दारांकडे नीट बघा. सगळी दारं सारखी उघडली जात नाहीत. लूब ऑइलची पातळी बघायची, गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र) बघायचा, ती दारं प्रत्येक तपासणीला उघडतात. त्यांच्या कडीपाशी तेलकट हाताचा काळा डाग असतो, पंजाच्या उंचीवर. शेजारचं दार महिन्यातून एकदा उघडत असेल तर ते स्वच्छ. पाच दारांत दोन मळकी करा, तीन सोडा.

हँडरेलवर चढताना जिथं हात पडतो तिथला रंग उडून पाइप गुळगुळीत झालेला असतो. गंज नसतो तिथं, कारण रोज हात लागतो. गंज असतो पाइपच्या बुडाशी, जिथं पाणी थांबतं. पायरीच्या मधोमध बूट घासून पत्रा उघडा, दोन टोकांना चिखल.

डिझेलची टाकी ५,००० लिटरची. भरताना तोंडाशी सांडतंच. तिथून खाली ओघळ येतो, तो काळसर आणि ओला दिसतो. त्यावर धूळ चिकटते आणि तिचा जाड, मऊ थर होतो. रेडिएटरच्या बाजूला पाण्याचे ओघळ असतात, ते वाळले की फिकट, पांढुरके दिसतात. ते दोनच करा, बारीक. जास्त केले तर शेडनं लक्ष दिलं नाही असं दिसेल, आणि आम्ही लक्ष देत होतो.

बोगीवर ब्रेकची भुकटी. ओतीव लोखंडाचे ब्रेक ब्लॉक असतील तर भुकटी तांबूस तपकिरी, आणि ती चाकाजवळ दाट, वर विरळ. सँडबॉक्सच्या (रुळावर वाळू सोडायच्या पेटीच्या) नळीपाशी वाळूचा फिकट फराटा. बस, एवढं केलं तरी इंजिन ड्युटीवर आलं म्हणा.

आणि पीओएच होऊन किती महिने झाले ते ठरवून घ्या. तीन महिन्यांचं इंजिन वेगळं, तीन वर्षांचं वेगळं. छत तीन वर्षांचं आणि बोगी कालची, असं होत नाही.

---

लालमाती, संगमेश्वर

काकांनी लिहिलंय ते वाचून अंगावर काटा आला. मी पुठ्ठ्याची आणि लाकडाची स्टेशनं करते, इंजिनं नाही, पण मातीबद्दल सांगू शकते.

कोकणातलं इंजिन म्हटल्यावर अंगणातली खरी जांभ्याची माती वापरावीशी वाटणार. मीही वापरली होती. कढईत भाजून, कुटून, मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करून. तरी जमलं नाही, आणि का ते गणितानं कळलं. फडक्यातून गळालेला कण एक दशांश मिलिमीटरचा धरा. १:८७ मध्ये तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचा खडा होतो. म्हणजे बोगीवर धूळ नाही, खडी टाकली. शिवाय मातीत चमकणारे कण असतात, दिव्याखाली ते काचेसारखे लुकलुकतात.

त्याऐवजी गेरू घ्या. रांगोळीच्या दुकानात मिळतो, दहा रुपयांत आयुष्यभर पुरेल. तोही जांभ्यासारखाच, लोखंडाच्या ऑक्साइडमुळे लाल, पण कितीतरी बारीक. एकटा गेरू मात्र फार तांबडा, नव्या कौलासारखा दिसतो. मी चार भाग गेरूत एक भाग चुलीतली चाळलेली राख आणि चिमूटभर कोळशाची पूड घालते. बशीत घोटून वर तरंगेल तेवढीच भुकटी मऊ ब्रशनं उचलायची.

कोकणातली धूळ दोन ठिकाणी जास्त बसते: खाली बोगीवर आणि टाकीच्या खालच्या अर्ध्या भागावर. जांभा कापून काढलेल्या खोल खिंडीतून गाडी जाते तेव्हा ती उडते. पण हे डिसेंबर ते मे. पावसाळ्यात बोगी धुऊन निघते आणि काळसर, ओली दिसते. तुमचं इंजिन कुठल्या महिन्यातलं आहे ते आधी ठरवा. माझ्या मते मे महिना घ्या. चिपळूणच्या फलाटावर तुम्ही सुट्टीतच तर उभे होतात.

लोखंडाचा खरा कीस किंवा गंजाचा चुरा मात्र वापरू नका. मोटरमधला चुंबक तो ओढून घेतो.

---

बारीककाम, पुणे

लालमाती ताईंच्या भुकटीत एक भर. पावडर लावून झाल्यावर वर वार्निश मारलं की ती अर्धी गायब होते, गडद पडते. म्हणून क्रम असा ठेवा: ग्लॉस, मग तेलाचा वॉश, मग मॅट, आणि सगळ्यात शेवटी गेरूची भुकटी. ती मॅटच्या खरखरीत पृष्ठभागावर आपोआप धरते. बोगीला रोज हात लागत नाही, राहील. राहिली नाही तर ब्रशच्या टोकानं टर्पेंटाइनचा एक थेंब कडेला सोडा, तो स्वतःच पसरतो.

वॉशसाठी चित्रकलेचे तेलरंग, बर्न्ट अंबर आणि काळा. ट्यूबमधला रंग पुठ्ठ्यावर तासभर ठेवा, पुठ्ठा तेल शोषतो आणि रंग चमकत नाही. काका म्हणतात तो धुराड्याचा ओला काळा मात्र पुठ्ठ्यावर न ठेवता थेट ट्यूबमधून घ्या, चमक आपसूक येईल. कोरड्या काजळीसाठी शुद्ध काळा नको. एवढ्या लहान आकारात शुद्ध काळा भोक पडल्यासारखा दिसतो. गडद राखाडीत किंचित तपकिरी घाला.

घासलेला पत्रा आणि हँडरेलसाठी ६बी पेन्सिल. तिच्या ग्रॅफाइटची पूड बोटावर घेऊन नुसतं फिरवायचं. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं दिसतं.

तुम्हाला लहानपणी कुणी पुण्यात कोथरूडला जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला नेलं होतं का? मी तिथेच एचओ पहिल्यांदा बघितलं. अजूनही वर्षातून एकदा जातो.

---

एकोणीसपूर्णांकतीन, नाशिक

एक मुद्दा कुणी काढला नाही म्हणून. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, ८७ नं भागलं तर १९.३. एचओचा रूळ १६.५ चा, तो १,४३५ च्या स्टँडर्ड गेजसाठी. म्हणजे तुमचं इंजिन समोरून बघितलं की चाकं दोन्ही बाजूंची मिळून जवळजवळ तीन मिलिमीटर आत दिसणार. मी स्वतः १९.३ चा रूळ हातानं टाकतो, पण तो मार्ग लांबचा आहे आणि तुमच्या कामाला त्याची गरज नाही. चाकांच्या आतल्या बाजूला आणि बोगीच्या सावलीत गडद रंग द्या, बाहेरच्या चौकटीवर फिकट धूळ. नजर चौकटीवर थांबते, आतलं अंतर जाणवत नाही.

आणि चाकाची रुळावर टेकणारी कडा कोरी ठेवा. तिथूनच वीज घेतो आपण. रंग लागला तर इंजिन अडखळत चालेल. चॅसी उलटं धरून तारेनं वीज द्या, चाकं फिरू द्या आणि ती फिरत असताना चाकाच्या चेहऱ्यावर ब्रश टेकवा. रंग गोल, एकसारखा बसतो. शेवटी कडा कापसानं पुसून घ्या.

---

कोकणरूळ

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण घाई करायची नाही असं ठरवलं होतं.

काटा आला तेव्हा घरात ८४ दाखवत होता. एसीनं अडीच तासांत ५६ वर आणला. टाकीच्या खाली आधी करून बघितलं. पहिल्या विरळ हातानं पांढरं निम्म्यावर आलं, तेव्हा श्वास रोखून बसलो होतो. दुसऱ्या हातानं गेलं. मग बॉडी. लाँग हूडची डावी बाजू तिसऱ्या हातापर्यंत हटली नाही, पण शेवटी निळा जसा होता तसा परत आला. कॅबच्या खिडकीच्या कोपऱ्यात तांदळाएवढी साय अजून आहे. ती तशीच ठेवतोय, तिथे जाळी येणार आहे. बारीककाम, तुम्ही थिनर ठेवून द्यायला सांगितलं नसतंत तर मी त्याच रात्री सगळं धुतलं असतं.

मे महिना घेतला, पीओएच होऊन वर्ष झालेलं. छतावर काकांनी सांगितलेले दोन काळे केले. धुराड्याशी ट्यूबमधला काळा, टूथपिकच्या टोकानं, जेमतेम तीन मिलिमीटर रुंद. त्याच्या पलीकडे राखाडी, ब्रश जवळजवळ कोरडा करून, मागे ओढत नेला. टेबल लॅम्प तिरका लावला की तोंडाशी चमक दिसते आणि ती बरोबर कुठे संपते तेही दिसतं. हे मी रोज एकदा बघतो.

दारांचं काम सगळ्यात अवघड गेलं. पाचपैकी दोन दारं निवडली. कडी दीड मिलिमीटरची, तिच्याशेजारी हाताचा डाग. आधी ठिपका दिला तर तो ठिपकाच दिसला. पुसला. मग काडीला किंचित रंग लावून दोनदा नुसतं टेकवलं आणि खालच्या दिशेला हलकं ओढलं. आता कुणीतरी दार उघडून हात काढून घेतल्यासारखं दिसतं.

गेरूचं मिश्रण ताईंच्या मापानं केलं. राख आणायला मात्र कळव्याला मावशीकडे जावं लागलं, आमच्या इमारतीत चूल कुठून येणार. पहिल्यांदा जास्त झालं, बोगी कुंडीसारखी दिसायला लागली. ब्रशनं झटकलं, परत लावलं, परत झटकलं. आता ते खाचांमध्ये आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यांत राहिलंय, उंचवट्यांवर नाही. चाकांच्या कडा पुसल्या. सरळ रुळावर अडखळत नाही.

काल रात्री जेवणानंतर बाबांच्या समोर ठेवलं, काही न बोलता. त्यांनी बराच वेळ छत बघितलं. "लाँग हूड पुढे घेऊन कुठे गेलेलं?" असं विचारलं. कॅबवरची काजळी त्यांच्या लक्षात आली होती. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. मग त्यांनी पावसात लाँग हूड पुढे असताना सिग्नल बघायला किती पुढे वाकावं लागायचं, असिस्टंट दुसऱ्या खिडकीतून कसा ओरडून सांगायचा, हे सांगितलं. अर्धा तास बोलत होते. काका, तुमच्या शेडचं नाव निघालं, तुमचा निरोप त्यांना दिला. ते म्हणाले, ओळख नसेल, पण हात लागला असेल त्यांचा माझ्या इंजिनाला.

मग त्यांनी इंजिन फिरवून दुसरी बाजू वर केली. टाकीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इकडे डाग कुठाय? डिझेल काय एकाच बाजूनं भरतात?"

तर आज ती बाजू करायला घेतोय. जाळी झाली की दोन्ही बाजूंचे फोटो टाकतो.